शिकलो त्या गावी पुन्हा एकदा : मँचेस्टरमधील स्नेहमेळाव्याची पूर्वतयारी

एकत्र शिकलेल्यांचा स्नेहमेळावा सांगलीत, कराडला किंवा पुण्यात भरवायचा असेल तर वादाचे विषय दोनच असतात : तारीख कोणती आणि कार्यालय कोणते. हाच मेळावा मँचेस्टर, लीड्स, लफबरो किंवा कार्डिफ येथे भरवायचे ठरले की तिसरा प्रश्न उभा राहतो आणि तो पहिल्या दोन्हींना झाकोळून टाकतो. तो म्हणजे व्हिसा. एकाच वर्गात बसलेल्यांपैकी काही आज ब्रिटिश नागरिक असतात, काही अमेरिकेत किंवा दुबईत स्थिरावलेले असतात आणि बरेचसे पदवी हाती पडताच मुंबई-पुण्याला परतलेले असतात. पहिल्यांना रेल्वेचे तिकीट पुरते, शेवटच्यांना मात्र कागदपत्रांची चळत जमवावी लागते. आयोजक बहुधा पहिल्या गटातले असल्याने त्यांच्या नियोजनाची सुरुवात सभागृहापासून आणि जेवणाच्या यादीपासून होते. आमच्या मते ती उलट्या टोकाकडून व्हावी. ज्या वर्गमित्राला येणे सर्वांत कठीण आहे, त्याच्या सोयीने तारीख आणि गाव ठरवावे. इतरांची सोय मग आपोआप लागते.

कोण राहिले आणि कोण परतले, हे केवळ आवडीनिवडीने ठरले नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. शिक्षणानंतर दोन वर्षे काम करू देणारा ‘पोस्ट-स्टडी वर्क’ हा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २०१२ मध्ये बंद करण्यात आला. त्यानंतर तशीच मुभा देणारा ‘ग्रॅज्युएट रूट’ १ जुलै २०२१ रोजी खुला होईपर्यंत नऊ वर्षे गेली. या मधल्या काळात पदवी घेतलेल्यांना ठरावीक मुदतीत प्रायोजक कंपनी शोधणे किंवा परतणे, एवढेच पर्याय होते. त्यामुळे २०११ ची तुकडी आणि २०१३ ची तुकडी यांचे आजचे पत्ते पाहिले, तर दोन निराळ्या विद्यापीठांतून बाहेर पडलेली माणसे वाटावीत. आपली तुकडी कोणत्या वर्षाची, यावरून किती जणांना व्हिसा लागणार याचा अंदाज आयोजकाला पहिल्याच दिवशी बांधता येतो.

महाविद्यालय उरले नसेल तर

मँचेस्टरचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. कापडउद्योगामुळे या शहराचे नाव महाराष्ट्रात इतके रुजले की इचलकरंजीला आजही ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात. गिरण्यांच्या गरजेतून मुंबईत १८८७ साली व्हीजेटीआय उभी राहिली, इचलकरंजीत १९८२ साली डीकेटीईची वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी संस्था सुरू झाली, आणि वस्त्रशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी भारतीय विद्यार्थ्यांची नजर स्वाभाविकपणे ज्या संस्थेकडे वळत असे, ती म्हणजे ‘युमिस्ट’.

पण युमिस्ट या नावाची संस्था आज अस्तित्वात नाही. १८२४ साली यंत्रकारागिरांसाठी निघालेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनपासून तिचा वंश सुरू होतो. १९०२ साली पंतप्रधान आर्थर बाल्फर यांनी सॅकव्हिल स्ट्रीटवरील तिच्या भव्य इमारतीचे उद्घाटन केले, १९६६ मध्ये तिला युमिस्ट हे नाव मिळाले आणि १ ऑक्टोबर २००४ रोजी व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ मँचेस्टरशी तिचे विलीनीकरण होऊन आजचे मँचेस्टर विद्यापीठ जन्माला आले. नंतरच्या काळात अभियांत्रिकीचे विभाग ऑक्सफर्ड रोडच्या बाजूला नव्या वास्तूंत हलले आणि पिकॅडिली स्थानकाजवळचा जुना परिसर पुनर्विकासासाठी सोपवण्यात आला. तेव्हा ‘आपल्या विभागात जमू’ असे निमंत्रणात छापण्यापूर्वी तो विभाग कोठे आहे आणि जुन्या इमारतीत प्रवेश मिळतो का, याची चौकशी करावी. वर्गखोली पाहायची म्हणून पाच हजार मैल आलेल्या माणसाला कुलूपबंद दार दाखवणे बरे नव्हे.

संस्था गेली तरी तिचे माजी विद्यार्थी बेवारस झालेले नाहीत. युमिस्टच्या पदवीधरांना मँचेस्टर विद्यापीठ आपलेच माजी विद्यार्थी मानते आणि त्यांची नोंद विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कार्यालयाकडे असते. त्या परिसरातील दोन खुणाही उघड्यावर, म्हणजे परवानगीविना भेटण्याजोग्या आहेत. ग्रॅन्बी रो येथे व्हिम्टो या पेयाचे लाकडी स्मारक आहे. १९०८ साली हे पेय त्याच जागी प्रथम तयार झाले, म्हणून फळांनी वेढलेली ती प्रचंड बाटली तेथे उभी आहे. जवळच रेल्वेच्या कमानीखाली न्हाणीतून उसळून बाहेर पडणारा आर्किमिडीज आहे. सामूहिक छायाचित्रासाठी यांहून योग्य पार्श्वभूमी मिळणार नाही. पावसाचा शहराशी असलेला स्नेह पाहता कमानीखालचा आर्किमिडीज अधिक भरवशाचा.

तारीख

भारतातून येणाऱ्यांना मुलांच्या सुट्टीत यायचे असते; ब्रिटनमधल्यांनाही तसेच वाटते. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत चालते, तर इंग्लंडमधील मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होऊन सप्टेंबरच्या आरंभी संपते. म्हणजे दोन्ही सुट्ट्या एकमेकींना चुकवतात. त्या जुळतात त्या फक्त मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, कारण इंग्लंडमधील बहुतेक शाळांना तेव्हा आठवडाभराची मधली सुट्टी असते आणि शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडेही येतो. कुटुंबासह मेळावा करायचा असेल तर हाच आठवडा. त्याचे दोन तोटे मात्र आहेत. विद्यापीठात तेव्हा परीक्षांचे दिवस असल्याने वसतिगृहांतील खोल्या विद्यार्थ्यांकडेच असतात. त्या बाहेरच्यांना मिळण्याचा काळ जुलै-ऑगस्ट. आणि बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत रेल्वे दुरुस्तीची कामे काढते, त्यामुळे लंडनहून येणाऱ्यांनी गाड्या आधी तपासाव्यात. महाराष्ट्रात मे हा लग्नसराईचा महिना, हा तिसरा तोटा ज्याचा त्याने मोजावा.

मुले मोठी झाली असतील तर सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. फक्त गणपतीचे दिवस टाळावेत. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. मेळावा एडिंबरोत करणार असाल तर ऑगस्ट पूर्णपणे विसरावा; महोत्सवाच्या त्या दिवसांत साध्या खोलीचाही भाव आवाक्याबाहेर जातो.

‘सर्वांना जमेल ती तारीख’ असा प्रश्न गटात टाकू नये. चाळीस जणांच्या गटात अशी तारीख नसतेच, आणि ती शोधण्यात तीन महिने जातात. दोनच तारखा पुढे ठेवाव्यात, आठ दिवसांची मुदत द्यावी, आणि व्हिसा लागणाऱ्यांच्या मताला दुप्पट वजन द्यावे.

दिवस ठरवण्याआधी विमानसेवाही पाहावी. २०२५ च्या जुलैत इंडिगोने मुंबई ते मँचेस्टर थेट सेवा सुरू केली. अशा सेवांची वेळापत्रके मोसमागणिक बदलतात, तेव्हा आपल्या तारखांना ती चालू आहे की नाही हे विचारून घ्यावे. थेट विमान नसल्यास आखाती देशांतून एक थांबा घेऊन मँचेस्टर विमानतळावरच उतरणे हे हीथ्रोला उतरून लंडन ओलांडण्यापेक्षा सोयीचे. लंडनच्या यूस्टन स्थानकापासून मँचेस्टर पिकॅडिलीपर्यंत रेल्वेने दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, पण हीथ्रोहून यूस्टन गाठणे हाच सामानासह खरा प्रवास असतो.

व्हिसा

भारतीय पारपत्रधारकाला मेळाव्यासाठी ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा लागतो. तो साधारणतः सहा महिन्यांपर्यंतच्या वास्तव्यासाठी असतो. एप्रिल २०२५ पासून त्याचे शुल्क माणशी १२७ पौंड होते. हे आकडे वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करताना सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत. लहान मुलालाही वेगळा अर्ज आणि तेवढेच शुल्क. म्हणजे चौघांचे कुटुंब त्या दराने विमानाचे तिकीट काढण्याआधीच ५०८ पौंड भरते, तेही नकार आल्यास परत न मिळणारे. सॅल्फर्डला राहणाऱ्या आयोजकाने ‘माणशी फक्त साठ पौंड वर्गणी’ असे लिहिताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांहून लवकर अर्ज करता येत नाही. बोटांचे ठसे व छायाचित्र दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. उन्हाळ्यात अधिक लागू शकतात. ठसे देण्याची केंद्रे मुंबई आणि पुण्यातही आहेत. मेच्या अखेरीस मेळावा असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी अर्ज भरता यावा, यासाठी निमंत्रणपत्र आणि कार्यक्रमाचा आराखडा त्याआधी तयार हवा. याचा अर्थ सभागृहाची नोंदणी जानेवारीत व्हायला हवी आणि तारखेचा निर्णय दिवाळीच्या सुमारास.

निमंत्रणपत्राबद्दल दोन गैरसमज आहेत. निमंत्रण असले की व्हिसा मिळतोच, हा पहिला. आणि ब्रिटिश नागरिकाने हमी घेतली की अर्जदाराची स्वतःची कागदपत्रे दुय्यम ठरतात, हा दुसरा. अधिकाऱ्याला मुळात एकच गोष्ट पाहायची असते : हा माणूस सांगितलेल्या कारणासाठी येतो आहे आणि मुदतीत परत जाणार आहे का. निमंत्रणपत्र पहिल्या अर्ध्या भागाला हातभार लावते. त्यात अर्जदाराचे पारपत्रावरील पूर्ण नाव, निमंत्रकाशी ओळख कशी व कधीपासून, मेळाव्याची तारीख व ठिकाण, मुक्कामाचा पत्ता आणि कोणता खर्च कोण करणार, एवढे स्पष्ट असावे. खर्च उचलणार नसाल तर सौजन्य म्हणूनही तसे लिहू नये. पत्रात एक आणि अर्जात दुसरे, अशी विसंगती अर्जाला मारक ठरते. सर्वांना एकाच मजकुराची पत्रे वाटण्यापेक्षा प्रत्येकाचे पत्र निराळे लिहावे. निमंत्रकाने स्वतःच्या ब्रिटिश पारपत्राची प्रत किंवा वास्तव्याच्या परवान्याचा पुरावा सोबत द्यावा.

दुसरा अर्धा भाग अर्जदाराच्या हातात असतो. नोकरी करणाऱ्याने रजा मंजूर झाल्याचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि सहा महिन्यांचे बँकेचे उतारे जोडावेत. व्यावसायिकाने नोंदणी आणि प्राप्तिकराची विवरणे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम येणे फायद्याचे नसते. ती कोठून आली हे सांगता आले नाही तर शंकाच वाढते. सातबारा किंवा मराठीतील कोणताही दस्तऐवज जोडायचा असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

ब्रिटनमध्ये शिकलेल्या अर्जदाराकडे एक जमेची बाजू असते : तो येथे राहून, नियम पाळून परतलेला आहे. जुने पारपत्र आणि विद्यार्थी व्हिसाची प्रत घरी कोठेतरी असतेच. ती शोधून जोडावी. पण त्या काळात मुदतीहून अधिक राहणे झाले असेल किंवा नंतर कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला असेल, तर ते अर्जात न लपवता लिहावे. जुना नकार समजावून सांगता येतो. लपवाछपवी उघड झाल्यास दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

नकार आलाच तर या वर्गातील व्हिसासाठी अपिलाचा अधिकार सहसा नसतो. नकारपत्रातील कारणे वाचून, त्यांचे निरसन करणारी कागदपत्रे जोडून नवा अर्ज करावा लागतो. म्हणूनच वेळेआधी अर्ज करण्याचा आग्रह धरला आहे. पहिल्या नकारानंतर दुसऱ्या अर्जाला अवकाश उरला पाहिजे. आणि ज्याला नकार आला आहे त्याच्याबद्दल गटात चर्चा करू नये. हा प्रसंग त्या माणसाला किती लागतो, हे ब्रिटिश पारपत्र खिशात असलेल्यांना चटकन कळत नाही. आयोजकापैकी एकानेच व्हिसाचे काम सांभाळावे आणि ते त्याच्यापाशीच राहावे.

इतर देशांतून येणाऱ्यांचे नियम निराळे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा आयर्लंड वगळता युरोपीय संघातील देशाचे पारपत्र असणाऱ्यांना व्हिसा लागत नाही, परंतु प्रवासाआधी ‘इटीए’ ही इलेक्ट्रॉनिक परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर विमानात चढू दिले जाणार नाही. येथे पाहिले जाते ते पारपत्र, राहण्याचे ठिकाण नव्हे. न्यू जर्सीत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या किंवा दुबईत वीस वर्षे काढलेल्या भारतीय नागरिकाला पूर्ण व्हिजिटर व्हिसाच हवा. शेंगेन व्हिसाचाही येथे उपयोग नाही. अमेरिकेत एच-वन-बीवर असलेल्या मित्राची अडचण तर बहुधा येण्याची नसून परतण्याची असते : पारपत्रावरील त्याचा अमेरिकी व्हिसा संपला असेल, तर परतण्याआधी तो नव्याने घ्यावा लागतो. असा मित्र ‘बघू’ म्हणतो तेव्हा त्याला उत्साह नाही असे समजू नये.

प्रवासविमा सर्वांनी घ्यावा. अपघात विभागातील प्राथमिक उपचार विनाशुल्क असले तरी रुग्णालयात दाखल झाल्यावर परदेशी पाहुण्याकडून सरकारी दराच्या दीडपट आकारणी होऊ शकते. पन्नाशीकडे झुकलेल्या मंडळींच्या मेळाव्यात हा विचार अस्थानी नाही.

माणसे शोधणे

विद्यापीठाचे कार्यालय आपल्याला कोणाचाही पत्ता देणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आडवा येतो. मात्र आपले निमंत्रण संबंधितांकडे पाठवून देण्याची विनंती करता येते. त्यासाठी अभ्यासक्रमाचे नेमके नाव आणि वर्ष द्यावे. मराठी मुलींच्या बाबतीत नेहमी एक घोटाळा होतो : लग्नानंतर आडनाव बदललेले असते, कधी नावही. विद्यापीठाच्या नोंदीत माहेरचे नाव, लिंक्डइनवर सासरचे. यादी करताना दोन्ही रकाने ठेवावेत आणि मैत्रिणींच्या साखळीतूनच शोध घ्यावा, तो अधिक पक्का ठरतो.

यादीत काही नावांपुढे निधनाची नोंद येईल. ती बातमी व्यासपीठावरून प्रथमच कळू नये. आधी गटात कळवावी. वर्गात एखादा असाही असतो ज्याचा प्रबंध अपुरा राहिला, जो पदवीविना परतला. विद्यापीठाच्या पदवीधरांच्या यादीत तो सापडणार नाही, आणि स्वतःहून तो बहुधा येणारही नाही. त्याला छापील निमंत्रण न पाठवता कोणीतरी फोन करावा.

जागा, जेवण, पैसा

सभागृहाचे दर विचारताना २० टक्के व्हॅट धरून की वगळून, हे पहिल्या पत्रातच विचारावे. मँचेस्टरच्या मध्यवर्ती भागातील हॉटेले एप्रिल २०२३ पासून दर खोलीमागे प्रत्येक रात्री एक पौंडाचा शहर-आकार घेतात. रक्कम क्षुल्लक, पण हिशेबात राहून जाते. सामाजिक सभागृह भाड्याने घेऊन तेथे मद्य विकायचे असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये किमान दहा कामाचे दिवस आधी नगरपालिकेकडे ‘टेम्पररी इव्हेंट नोटिस’ द्यावी लागते. शुल्क २१ पौंड आणि उपस्थितीची मर्यादा पाचशेच्या आत.

जेवणासाठी जुन्या आठवणीने सगळे रशोममधील ‘करी माइल’ सुचवतील. विल्म्स्लो रोडचा तो पट्टा आता बराच बदलला असून भारतीय उपखंडातील खाणावळींच्या जोडीला मध्यपूर्वेतील उपाहारगृहांनी तेथे मोठी जागा घेतली आहे. आधी कोणीतरी जाऊन यावे. दुपारच्या साध्या जेवणाला शहराच्या नॉर्दर्न क्वार्टरमधील ‘राइस अँड थ्री’ची कॅफे उत्तम : भात आणि त्यावर तीन भाज्या वा रस्से. कपड्यांच्या व्यापारातील कामगारांसाठी सुरू झालेली ही थाळी विद्यार्थ्यांच्या खिशालाही परवडत असे. शाकाहारी, जैन आणि उपवासाचे किती, हे नोंदणीच्या वेळीच लिहून घ्यावे.

पैशांबाबत एक सावधगिरी. ‘भारतातल्यांनी माझ्या पुण्याच्या खात्यात रुपये भरावेत, मी येथे पौंड भरतो’ ही पद्धत सोयीची वाटते, पण ती परकीय चलनाच्या नियमांत अडकू शकते. भारतातील मित्रांनी हॉटेलचे व वर्गणीचे पैसे आपापल्या कार्डाने किंवा बँकेतून रीतसर भरावेत हे बरे. मुक्कामासाठी ब्रिटनमधील मित्रांनी घरे उघडली तर त्यांचा मोठा खर्च वाचतो. अशी घरे कोणती, हे निमंत्रणपत्रे लिहिण्याआधी ठरले पाहिजे, कारण मुक्कामाचा पत्ता व्हिसाच्या अर्जात द्यायचा असतो. आतल्या प्रवासासाठी तीन ते नऊ प्रौढांनी एकत्र तिकीट काढल्यास अनेक रेल्वे कंपन्या गर्दीच्या वेळा वगळून एक तृतीयांश सवलत देतात.

एवढे करूनही काही जण येऊ शकणार नाहीत. त्यांच्यासाठी दृक्‌श्राव्य भेटीची वेळ संध्याकाळच्या मेजवानीत ठेवू नये. उन्हाळ्यात मँचेस्टरला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा महाराष्ट्रात मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास उलटलेला असतो, आणि हॉलमधल्या गोंगाटात पडद्यावरच्या माणसाचे बोलणे कोणी ऐकत नाही. शनिवारी दुपारी बारा ही वेळ योग्य : पुण्यात साडेचार वाजलेले असतील, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे सात. कॅलिफोर्नियात पहाटेचे चार असतील. तेथल्या मित्रांना मात्र गजर लावावा लागेल.